शब्द साहेबाचा, अर्थ आपला

गुंजवण्याच्या वाटेवरचं इंग्रजी

राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्यात पोहोचेपर्यंत कानावर पडणारे काही शब्द :

• स्टेपनी : जादा चाक. वेल्समधल्या लॅनेली गावी स्टेपनी स्ट्रीटवर १९०४च्या सुमारास असं चाक तयार झालं. रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं. साहेब आता 'स्पेअर व्हील' म्हणतो. स्टेपनी आपल्याकडे टिकली, पंक्चरवाल्याच्या पाटीवरसुद्धा.

• डिकी : जुन्या मोटारींमागची उघडमीट होणारी बैठक. आता तिथे माणसं नाही, सॅक बसतात. इंग्लंडात हिला 'बूट' म्हणतात. 'सॅक बुटात ठेव' असं इथे सांगून पाहावं!

• हॉटेल : इंग्रजीत मुक्कामाची जागा. इथे पिठलं-भाकरी आणि चहा. खोली असेलच असं नाही.

• एसटी : 'स्टेट ट्रान्सपोर्ट', म्हणजे राज्य परिवहन. मराठीत ती थेट गाडीच, तीही स्त्रीलिंगी. पहिली धाव : १ जून १९४८, पुणे ते अहमदनगर.

• लाइट : प्रकाश नव्हे, वीज. म्हणून भर दुपारीही 'लाइट गेली'.

• रेंज : डोंगररांग आणि मोबाइलचा टप्पा, दोन्ही. सह्याद्रीत पहिली हमखास मिळते.