गोळी आहे, मग पिठात फोलिक ॲसिड कशाला?

फोलिक ॲसिडची गोळी स्वस्तात मिळते. मग ते सगळ्यांच्या पिठात का घालायचं?

कारण वेळ. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतात, ती नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. फोलेट कमी पडलं तर ती उघडी राहण्याचा धोका वाढतो. आणि तोवर अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं! गोळी सुरू होईपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून अमेरिकेने १९९८ पासून मैद्यासारख्या 'एनरिच्ड' धान्यपदार्थांत १०० ग्रॅममागे १४० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड सक्तीचं केलं. रक्तात फरक पडला का? मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात लोकांची तपासणी आधीपासूनच चालू होती, त्यामुळे तुलना करता आली. पूरक गोळ्या न घेणाऱ्यांचं सरासरी फोलेट मिलिलिटरमागे ४.६ नॅनोग्रॅमवरून १० वर गेलं. फोलेट कमी असलेल्यांचं प्रमाण २२ टक्क्यांवरून १.७ टक्क्यांवर आलं.

पण ही मंडळी मध्यमवयीन आणि वयस्क होती, त्यात पुरुषही होते. म्हणजे पिठातला डोस सगळ्यांनाच मिळतो. इथे एक अडचण आहे. बी१२ची कमतरता असलेल्या माणसाला भरपूर फोलिक ॲसिड मिळालं, तर रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण मज्जातंतूंचं नुकसान आतून चालूच राहू शकतं. बी१२ मुख्यतः प्राणिज पदार्थांतून मिळतं, त्यामुळे शाकाहारी घरांत हा प्रश्न खराच आहे. आपल्याकडच्या फोर्टिफाइड आट्याच्या मानकांत लोह आणि फोलिक ॲसिडच्या जोडीला बी१२ आहे, ते उगीच नाही.