बाई, ह्यात ठिपकं हायत!

सहलीला गेलात की तुम्ही घरी काय आणता? कोणी शंखशिंपले आणतं, कोणी काजू, कोणी चिक्की. मी एकदा चित्र आणलं आणि चांगलीच फसले.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही समुद्रकाठच्या एका गावी गेलो होतो. तिथल्या चित्रांच्या दुकानात संध्याकाळच्या होड्यांचं एक चित्र होतं. सुरेख फ्रेम, कोपऱ्यात चित्रकाराची सही. "ओरिजिनल आहे ताई, हातानं काढलेलं," दुकानदार म्हणाला. घासाघीस करून १८०० रुपये दिले.

शाळा सुरू झाल्यावर मोठ्या हौसेनं ते चौथीच्या वर्गात नेलं. आमच्या वर्गात एक भिंग आहे. मुंगी, पान, नाणं, जे येईल ते त्याखालून जातं. एका मुलानं ते होडीवर धरलं आणि ओरडला, "बाई, ह्यात नुसतं ठिपकंच हायत की!"

बघते तर खरंच! निळे, गुलाबी, पिवळे, काळे, शिस्तीत रांगेनं बसलेले बारीक ठिपके. ब्रशानं कोणी असं काढत नाही. चित्र छापील होतं, सहीसुद्धा छापलेली! वर्ग हसला, मीही हसले. पण मनातून फार वाईट वाटलं. पैशांपेक्षा त्या "हातानं काढलेलं" या शब्दांचं.

तुम्हीही घरातल्या कॅलेंडरवर भिंग धरून बघा. तसेच ठिपके दिसतील.

म्हणून छापील चित्र वाईट का? मुळीच नाही हं! राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडावरून चित्रं छापत. कसं? तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या साध्या गोष्टीवर. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग वरून रंग फिरवायचा. ओल्या जागी रंग धरत नाही, तेलकट रेघेवर बरोबर चिकटतो. वर कागद दाबला की चित्र उमटलं! प्रत्येक रंगाला दगड मात्र वेगळा. रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं राजेरजवाड्यांकडे जात, पण ही छापील लक्ष्मी आणि सरस्वती साध्यासुध्या घरांत पोचली. घेणाऱ्याला ठाऊक असे, की हे छापील आहे. फसवणूक कुठेच नव्हती.

काही चित्रकार स्वतः ठसे काढून मोजक्याच प्रती छापतात आणि खाली पेन्सिलीनं ७/५० असं लिहितात. म्हणजे एकूण पन्नास प्रती, त्यातली ही सातवी.

मूळ चित्र मात्र एकच असतं. आपल्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थाच्या तळ्यात सोडून दिली, असं जुनी माणसं सांगतात. पाण्यात गेलं ते गेलंच! उरलेल्यांपैकी काही टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. वर्गाला घेऊन मी तिथे गेले. मुलं काचेला नाक लावून उभी! (रखवालदारकाका दोनदा ओरडले.)

तिथून दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात गेलो. कलादालनात एका चित्रकाराचं प्रदर्शन होतं. रंकाळ्याचं एक जलरंगातलं चित्र मुलांना फार आवडलं. किंमत ऐकून सगळे गप्प. "एवढे का हो काका?" एकीनं विचारलंच. ते रागावले नाहीत. म्हणाले, "जलरंगात चुकलं तर खोडता येत नाही बाळ. याच्या आधीचे तीन कागद फाडले मी."

हल्ली कॅनव्हासवरही यंत्रानं छापतात आणि वरून लेप देऊन ब्रशाच्या फटकाऱ्यांचा भास आणतात. तिथे भिंगही गोंधळतं, असं त्यांनीच सांगितलं. मग काय करायचं? आईबाबांना सांगा, चित्रकाराचं नाव, कोणते रंग, कोणतं साल आणि "हातानं काढलेलं मूळ चित्र" एवढं बिलावर लिहून मागा. दुकानदार लिहायला का-कू करू लागला, तर सरबत पिऊन पुढे चला!

काकांकडे त्याच रंकाळ्याच्या छोट्या छापील प्रतीही होत्या, ५० रुपयांना. मागे स्वच्छ लिहिलेलं, "छापील प्रत". मुलांनी दोन-दोन रुपये काढून एक घेतली. आता ती वर्गात लावली आहे. शेजारी माझ्या होड्या आहेत. त्याखाली भिंगवाल्या पठ्ठ्यानं आपल्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे : "हे पण छापील. बाईंना माहीत नव्हतं."