लेझर कटिंग : टक्क्यांपेक्षा करंटवर लक्ष ठेवा

दुकानांच्या पाट्या, ॲक्रिलिकची अक्षरे, लग्नपत्रिका, लाकडी फ्रेम या कामांत करवतीच्या जोडीला आता लेझर यंत्र आले आहे. परभणी, सेलू किंवा जिंतूरच्या कारागिराने कर्ज काढून असे यंत्र घेतले, तर त्यातील सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे काचेची लेझर नळी. ती गेली की हजारो रुपयांचा खर्च येतो आणि हातातली कामे अडतात. नळीचे आयुष्य बऱ्याच अंशी चालवणाऱ्याच्या हातात असते. त्यासाठी पॉवर आणि करंट यांतील फरक आम्ही येथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

नळीत काय घडते?

नळीत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम या वायूंचे मिश्रण असते. त्यातून हजारो व्होल्टच्या दाबाने वीज सोडली की डोळ्यांना न दिसणारा किरण निघतो. हा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे.

नळीतून वाहणारी वीज म्हणजे करंट. तो मिलीअँपिअरमध्ये मोजतात. किरणाची शक्ती म्हणजे पॉवर. ती वॉटमध्ये मोजतात. यंत्राच्या पडद्यावर दिसणारे टक्के या दोहोंपैकी काहीच नव्हेत. ती पॉवर सप्लायला दिलेली सूचना असते. एका यंत्रात ६० टक्क्यांवर १५ मिलीअँपिअर वाहील, तर दुसऱ्यात १८. म्हणून दुसऱ्या दुकानाचे आकडे जसेच्या तसे उतरवून घेऊ नयेत.

मर्यादा कोणती?

साधारणपणे ४० वॉटच्या नळीला १८, तर ८० वॉटच्या नळीला २५ मिलीअँपिअरच्या आसपास मर्यादा असते. नेमका आकडा नळीच्या चिठ्ठीवर असतो. तोच प्रमाण मानावा. पॉवर सप्लाय नळीपेक्षा मोठा असेल, तर १०० टक्क्यांवर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मग किरण फारसा वाढत नाही; जादा वीज उष्णतेत जाते आणि नळी लवकर क्षीण होते. रोजचे काम मर्यादेच्या ६० ते ७० टक्के करंटवर बसवावे.

उलट, करंट ३-४ मिलीअँपिअरच्या खाली गेला की नळी नीट पेटत नाही. अगदी कमी टक्क्यांवर कोरीवकाम तुटक येते, त्याचे कारण बहुधा हेच.

यंत्राला करंटचा मीटर नसेल तर तो जाणकार मेकॅनिककडून बसवून घ्यावा. मीटर नळीच्या परतीच्या तारेवर बसतो, उच्च दाबाच्या तारेवर कधीही नाही. या विजेने जीव जाऊ शकतो आणि स्विच बंद केल्यावरही पॉवर सप्लायमध्ये काही काळ भार शिल्लक राहतो. म्हणून स्वतः हात घालू नये. मीटर बसल्यावर १० टक्क्यांपासून दहा-दहाने वाढवत प्रत्येक वेळी करंट वहीत लिहावा आणि मर्यादा आली की थांबावे. हाच आपल्या यंत्राचा खरा तक्ता.

वेगाचा हिशेब

६० वॉटचा किरण सेकंदाला २० मिलिमीटर वेगाने फिरला, तर प्रत्येक मिलिमीटरला ३ ज्यूल उष्णता मिळते. ३० वॉट आणि १० मिलिमीटर वेग ठेवला तरी तेवढीच. म्हणून माल कापला जात नसेल तर आधी भिंग आणि आरसे पुसावेत, फोकस तपासावा, मग वेग कमी करावा. करंट वाढवणे हा शेवटचा उपाय. लाकूड व कागद मात्र फार सावकाश कापल्यास काळे पडतात.

कोपऱ्यावर यंत्राचा वेग मंदावतो. तेथे किमान पॉवरचा आकडा लागू होतो. कोपरे जळत असतील तर तो कमी करावा, कोपरे सुटत नसतील तर वाढवावा.

परभणीचे ऊन आणि पाणी

नळीचे पाणी २० अंशांच्या आसपास हवे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर जातो. नुसत्या पंख्याचा चिलर पाणी खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. येथे कॉम्प्रेसरचाच चिलर हवा. पावसाळ्यात पाणी अति थंड ठेवल्यास नळीवर दव धरते आणि ठिणगी उडण्याचा धोका असतो. बोअरचे जड पाणी नळीत क्षार साठवते. डिस्टिल्ड पाणीच वापरावे.

दरमहा एकाच जातीच्या तुकड्यावर, त्याच वेगाने आणि त्याच टक्क्यांवर चाचणी घ्यावी. मीटरचा आकडा कायम असून काप उथळ झाला, तर आरसे मळले आहेत किंवा नळी थकली आहे. आकडाच उतरला असेल तर आधी पॉवर सप्लाय तपासून घ्यावा. एवढे पाहिले तरी चांगली नळी उगाच बदलण्याचा खर्च वाचेल.