थोर बास कोणती? सत्तर वर्षांच्या वादाचा मागोवा

सर्वश्रेष्ठ बास गिटार कोणती, या वादाने आता सत्तरी ओलांडली आहे. त्याची सुरुवात १९५१ पासून धरण्याची रीत आहे. सिॲटलच्या पॉल टटमार्कने १९३० च्या दशकातच भरीव लाकडाची, फ्रेट असलेली विजेवरची बास बनवली होती, पण तिचा फारसा प्रसार झाला नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला गिटार वाजवता येत नसे, पण वादकांच्या तक्रारी तो कान देऊन ऐके. डबल बास म्हणजे माणसापेक्षा उंच, वाहून न्यायला जिकिरीचं आणि मोठ्या बँडमध्ये ऐकूच न येणारं वाद्य. त्यावर त्याने १९५१ मध्ये काढलेला तोडगा होता ३४ इंची स्केलची ‘प्रिसिजन बास’. फ्रेटमुळे सूर नेमका लागे, म्हणून हे नाव. १९५७ मध्ये तिला दोन तुकड्यांचा पिकअप मिळाला आणि तिचं ते रूप आजतागायत फारसं बदललेलं नाही.

पुढच्या दोन दशकांत इतरांनी आपापली उत्तरं दिली. फेंडरचीच ‘जॅझ बास’ १९६० मध्ये आली, निमुळत्या मानेची आणि दोन पिकअपची. रिकनबॅकर ४००१ मध्ये मान थेट अंगातून आरपार गेलेली होती; ‘येस’च्या ख्रिस स्क्वायरने तिचा खणखणीत आवाज गाजवला. गिब्सनने ‘थंडरबर्ड’साठी मोटारींचा डिझायनर रे डीट्रिक याला बोलावलं. सत्तरच्या दशकात अलेम्बिकने उंची लाकूड आणि वाद्यातच बसवलेला प्रीॲम्प आणला. स्टॅन्ली क्लार्कच्या हातात ती बास शोभलीही. १९६५ मध्ये आपली कंपनी सीबीएसला विकलेल्या लिओने १९७६ मध्ये ‘म्युझिक मॅन’तर्फे ‘स्टिंगरे’ आणली आणि प्रीॲम्प कारखान्यातल्या वाद्यात आला.

कारागिरीच्या निकषावर अलेम्बिक या सगळ्यांच्या पुढे जाते. तरीही वादात पुन्हा पुन्हा नावं निघतात ती तीन साध्या, कारखान्यात बनलेल्या वाद्यांची.

पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये होफनर ५००/१ घेतली ती सुमारे ३० पौंडांना. स्वस्त होती आणि दोन्ही बाजू सारख्या असल्याने डावखुऱ्याच्या हातात विचित्र दिसत नव्हती. जेम्स जेमरसनची १९६२ ची प्रिसिजन मोटाउनच्या कित्येक गाण्यांचा पाया होती; तारा तो बदलत नसे आणि छेडायला एकच बोट वापरे. जॅको पास्टोरियसच्या १९६२ च्या जॅझ बासचे फ्रेट काढलेले होते आणि फिंगरबोर्डवर बोटींना लावतात तो इपॉक्सी चढवलेला होता. उत्पादकाच्या कल्पनेत यातलं काहीच नव्हतं.

तिन्ही चोरीला गेल्या, हा आणखी एक योग. होफनर १९७२ मध्ये लंडनमध्ये गेली आणि २०२४ मध्ये ती परत मिळाल्याचं जाहीर झालं. जॅकोची १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गेली, ती दोनेक दशकांनी सापडली. जेमरसनची १९८३ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या तोंडावर गेली. ती मिळालेली नाही.

या वादातली गफलत इथेच आहे. आपण मॉडेलचं नाव घेतो आणि मनात मात्र एखाद्या माणसाचं वाद्य असतं. जॅझ बासची थोरवी सांगताना अर्धं कौतुक जॅकोचं असतं, रिकनबॅकरची सांगताना स्क्वायरचं. वादक वजा केल्यावर काय उरतं, हे पाहायला हवं.

ती वजाबाकी प्रिसिजन सर्वांत चांगली सोसते. जेमरसनचा सोल, लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत कॅरल केचं पिकने वाजवणं, डी डी रमोनचा पंक, ‘आयर्न मेडन’च्या स्टीव्ह हॅरिसचं हेवी मेटल: चारही आवाज एकमेकांशी जराही जुळत नाहीत, आणि चौघांच्याही हातात प्रिसिजनच होती. तिच्यात एकच पिकअप आणि दोनच नॉब. त्यामुळे आवाज घडवण्याचं काम ती बोटांवर सोपवते. जॅझ बासवाल्यांना हे पटणार नाही, पण माझं मत १९५७ च्या प्रिसिजनला.