फिरते वास्तुप्रदर्शन : मूळ संहितेविना भाषांतर

चित्र किंवा शिल्प प्रदर्शनासाठी परगावी जाते तेव्हा मूळ कृतीच प्रेक्षकासमोर येते. वास्तुकलेच्या फिरत्या प्रदर्शनात मात्र नकाशे, छेदचित्रे, छायाचित्रे आणि प्रतिकृती प्रवास करतात. वास्तू जागेवरच राहते. वाचकाच्या हाती केवळ भाषांतर असावे, तशी ही परिस्थिती. म्हणून अशा प्रदर्शनांचे शैक्षणिक मूल्य तपासताना ‘काय दाखवले’ याइतकाच ‘कशात उतरवले’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी (१९२७–२०२३) यांच्या कार्याचे प्रदर्शन २०१४ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरले. पुढे त्यांचे कार्य २०१७ मध्ये शांघायला व २०१९ मध्ये जर्मनीतील व्हिट्रा डिझाइन म्युझियममध्ये मांडले गेले. व्हिट्रामध्ये रेखाटनांच्या जोडीला पूर्णाकृती रचनाही होत्या. नकाशा वाचायला सराव लागतो. पूर्णाकृती रचनेत शिरणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला तो लागत नाही. तरीही दोशींच्या इंदूर येथील अरण्य वसाहतीत जोते आणि मूलभूत सोयी मिळाल्यावर कुटुंबांनी ऐपतीप्रमाणे घरे वाढवत नेली, तो काळ प्रतिकृतीत कसा मावावा?

मूळ वास्तूच नष्ट होते तेव्हा प्रश्न अधिक गंभीर होतो. राज रेवल यांनी आखलेले आणि महेंद्र राज यांनी संरचनेच्या दृष्टीने सिद्ध केलेले दिल्लीतील ‘हॉल ऑफ नेशन्स’ १९७२ च्या व्यापारी प्रदर्शनासाठी उभे राहिले व एप्रिल २०१७ मध्ये पाडण्यात आले. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने दक्षिण आशियाई वास्तुकलेच्या प्रदर्शनात त्याला स्थान दिले. येथे गुणाढ्याचे स्मरण होते. परंपरेने पैठणच्या सातवाहनांशी जोडलेली त्याची पैशाची ‘बृहत्कथा’ लुप्त आहे. क्षेमेंद्र आणि सोमदेव यांची संस्कृत रूपांतरे ताडून पाहूनच अभ्यासक तिचा अदमास घेतो. प्रदर्शनातील विद्यार्थ्याकडूनही हेच करवून घ्यायला हवे, आणि मला वाटते, नेमके हेच क्वचित घडते. प्रतिकृती त्रिकोणी जाळीची भूमिती नेमकी सांगते. ती जाळी पोलादाऐवजी काँक्रीटची का, हे कळण्यासाठी तत्कालीन पोलादटंचाईची आणि जागेवर काँक्रीट ओतणाऱ्या मजुरांची हकीकत शेजारी असावी लागते. बांधकामाच्या वेळची छायाचित्रे तिला पुरावा देतात.

आज दिल्लीत वास्तुविद्या शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला प्रगती मैदानाच्या परिसरात भारत मंडपम दिसतो. हॉल ऑफ नेशन्स त्याला भेटते ते या रूपांतरांतच.