शिशाचा हिशेब

वजनाचा पट्टा हातात देण्याआधी आम्ही गेस्टच्या पोटाकडे बघतो, त्याच्या स्कूबाच्या कार्डाकडे नाही. पोट सुटलेलं असलं तर आठ किलो, अंगाने काटकुळा असला तर सहा, आणि चेहरा उतरलेला दिसला की त्यात आणखी दोन. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण मालवणपासून मुरुडेश्वरपर्यंत ज्या ज्या बोटीवर मी डाइव्हमास्टरकी केली, तिथे थोड्याफार फरकाने हेच चालतं. कारण सरळ आहे. चार जण नांगराच्या दोरीला धरून खाली थांबलेत, त्यांची हवा चाललीय आणि पाचवा वरच तरंगत हातपाय मारतोय, यासारखी डोकेदुखी नाही. त्यापेक्षा दोन किलो शिसं जास्त दिलेलं परवडतं. परवडतं म्हणजे आम्हाला. त्याचे पैसे गेस्टच भरतो, फक्त पावतीवर ते दिसत नाहीत.

ते असे. शिसं जास्त झालं की खाली गेल्यावर ते तोलायला अंगातल्या फुगवायच्या जॅकेटमध्ये हवा भरावी लागते. ही हवा काही गप्प बसत नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून जरा वर आलात की जॅकेटमधली हवा फुगते आणि तुम्हाला आणखी वर ओढते. मग घाबरून हवा सोडायची, धपकन खाली जायचं, पुन्हा भरायची. वजन कमरेला आणि हवा छातीशी, त्यामुळे पाय खाली लोंबतात आणि माणूस उभा राहून सायकल चालवल्यासारखा पुढे सरकतो. प्रत्येक लाथेला तळाची वाळू उडते. मालवणला चांगल्या दिवशी पाच-सात मीटर दिसतं. अशा एका माणसामागून येणाऱ्यांना स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही.

आता आकडे. आपल्याकडचा नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर साधारण 11 लिटरचा, दाब 200 बार. 50 बार राखून वर यायचं म्हणजे वापरायला 1650 लिटर हवा. धडपडणारा नवखा डाइव्हर पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला 25 लिटर सहज ओढतो, म्हणजे दहा मीटरवर 50. तेहतीस मिनिटांत खेळ खलास. शांत डाइव्हर 15 वर भागवतो आणि त्याच सिलिंडरवर पाऊण तास उलटून गेला तरी खालीच असतो. बोट तीच, पैसे तेवढेच.

पुण्याच्या एका मुलीने मला या बाबतीत गार केलं होतं. अंदमानात, हॅवलॉकला कार्ड घेऊन आलेली, नोकरी नवीन, विमानाचं भाडं पुन्हा काढणं शक्य नाही म्हणून तुतारी एक्स्प्रेसने कुडाळला उतरून आमच्याकडे आलेली. पहिल्या डाइव्हला मी नेहमीप्रमाणे अंदाजाने आठ किलो दिले. वर आल्यावर बाकीचे शिडीकडे पळाले आणि ही म्हणाली, "दादा, आता माझं वजन तपासून द्याल का? हवा पन्नासवर आहे."

हा प्रश्न विचारणारे गेस्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि तिने तो नेमक्या वेळी विचारला होता. हवेलाही वजन असतं. भरलेल्या सिलिंडरमधली दीडशे बार हवा संपली की तो साधारण दोन किलोने हलका होतो. म्हणून तपासणी डाइव्हच्या शेवटी करायची. जॅकेट पूर्ण रिकामं करून पाण्यात सरळ उभं राहायचं, रेग्युलेटर तोंडात ठेवायचा, पाय हलवायचे नाहीत. नेहमीएवढा श्वास घेऊन धरला तर पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं आणि श्वास सोडला की हळू खाली जायला हवं. हिने श्वास भरून धरला आणि तरी डोक्यासकट गायब झाली. दोन किलो काढले, तरी तेच. आणखी एक काढला, मग आणखी एक. चारवर पाणी डोळ्यांशी येऊन थांबलं. निम्मं शिसं नुसतं वाहून नेत होती बिचारी. दुसऱ्या डाइव्हला तितक्याच वेळात, तितक्याच खोलीवर तिच्या गेजवर वीस बार जास्त उरले. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं.

बोटीत चढल्या चढल्या तिने वही काढून लिहिलं: सूट तीन मिलिमीटर, सिलिंडर ॲल्युमिनियम, खारं पाणी, चार किलो, उरलेली हवा सत्तर. बहुतेकांच्या लॉगबुकात पोपटमाशाचं चित्र आणि "ऑसम डाइव्ह" असतं. तिची वही बघून पुढचा कुठलाही गाइड अंदाज करायच्या भानगडीत पडणार नाही.

उलट टोकाचा एक गृहस्थ मुंबईचा. जॅकेट, रेग्युलेटर, टॉर्च, कॅमेरा, सगळं कोरं करकरीत. टॅगसुद्धा एका पिशवीला लटकत होता. ओपन वॉटर या पहिल्या कोर्सनंतर लगेच ॲडव्हान्स्ड कार्डही केलेलं. पंचविसाव्या मिनिटाला हवा संपत आली म्हणून त्याला वर आणावं लागलं. बोट चालवणारा आमचा तांडेल त्याला शिडी चढताना बघून मला हळूच म्हणाला, "हेका आधी पेवाक शिकवा रे." पोहायला येत होतं त्याला, पण तांडेलाला काय म्हणायचंय ते कळलं. ॲडव्हान्स्ड कार्ड वाईट नाही. मात्र त्याने अठरा मीटरची मर्यादा तीसवर जाते आणि तीस मीटरवर दाब चौपट असतो. मिनिटाला 25 लिटर ओढणाऱ्याचा तोच सिलिंडर तिथे सोळा मिनिटांचा. श्वास सुधारायच्या आत खोली विकत घेणं हा या धंद्यातला सगळ्यात महागडा सौदा, आणि तो आम्ही हसतमुखाने विकतो. कोर्सवर कमिशन असतं, वजन तपासण्यावर नसतं.

सामानच घ्यायचं तर आधी मास्क. चेहऱ्याला बसणारा, स्वतःचा. जमलं तर पुढे डाइव्ह कॉम्प्युटर. जॅकेट बरीच वर्षं भाड्याने चालतं. कॅमेरा मात्र एका जागी न हलता तरंगता येईपर्यंत घरी ठेवावा, कारण कॅमेरा हातात आला की माणूस श्वास, जोडीदार, गेज सगळं विसरतो आणि प्रवाळाला गुडघा टेकतो.

स्वस्तात हात बसवायची खरी जागा म्हणजे पोहण्याचा तलाव. स्कूबा शिकवणारे बरेच जण तलावात सिलिंडरसह सरावाला तास देतात, समुद्राच्या डाइव्हपेक्षा पुष्कळ कमी पैशांत. तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत तर खास डाइव्हिंगसाठी बांधलेला खोल तलाव आहे. तीन मीटरवर तोच सिलिंडर तासभर पुरतो. त्या तासात मासे बघायचे नसतात, त्यामुळे नुसता सराव होतो: जमिनीपासून हातभर वर, जॅकेटच्या बटणाला हात न लावता फक्त फुप्फुसावर तोल धरायचा, मास्क काढून मिनिटभर शांत बसायचं, फ्रॉग किक घोटायची, खुणेचा लांब फुगा खालून वर सोडायचा. पावसाळ्यात आमच्या बोटी किनाऱ्यावर झाकलेल्या असतात, तेव्हा तर एवढंच करता येतं. एक मेख आहे. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड, म्हणजे सामानासकट शंभर किलोच्या माणसाला समुद्रात अडीच किलो जास्त लागतात. तलावातला आकडा समुद्रात लावला की मग तो खरंच वर तरंगतो, आणि आमचं पोट बघून वजन देणं त्याला योग्य वाटू लागतं.

तारखा हा आणखी एक आतला विषय. शहरातली मंडळी जोडून सुट्टी बघून बुकिंग करतात, आमचा तांडेल कालनिर्णय बघतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात आत-बाहेर होतं, तळ ढवळतो. अष्टमीच्या आसपास भांगाला ओढ कमी आणि पाणी त्यातल्या त्यात निवळ. त्यात मधला वार असला तर बोटीवर सहासात जणांऐवजी दोघेच. दर तोच, आणि गाइड जवळजवळ खाजगी. अशा दिवशी मी लोकांना मागितलं नसतानाही चार गोष्टी शिकवल्यात. जोडसुट्टीच्या गर्दीत मोजदाद करण्यातच जीव जातो. नेत्राणी बेटावर जाणाऱ्यांनीही हेच बघावं; तिथे पाणी आमच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ, पण बोट मुरुडेश्वरहून बरीच आत जाते, आणि उलट्या करून थकलेला माणूस काही शिकत नाही.

काटकसर कुठे करू नये तेही बोटीवरच कळतं. एका सीझनला एक ग्रुप तीन ठिकाणी घासाघीस करून सगळ्यात स्वस्त बोटीवर गेला आणि दुपारी आमच्याकडे आला. पहिल्याच श्वासाला हवेला डिझेलचा वास, म्हणून त्यांनी डाइव्ह सोडून दिली होती. शहाणे लोक. कॉम्प्रेसरने हवा घेण्याची नळी इंजिनाच्या धुराजवळ ठेवली की असं होतं. पाण्यात उतरण्याआधी दोन-तीन श्वास घेऊन बघावेत, वास आला तर सिलिंडर परत. सिलिंडरच्या गळ्याशी चाचणीची तारीख ठोकलेली असते, ती वाचावी. बोटीवर आणीबाणीचा ऑक्सिजन कुठे आहे ते विचारावं. "आहे ना, काळजी नको" असं उत्तर आलं तर पुन्हा विचारावं. डबा उघडून, नॉब फिरवून दाखवणारा पाचशे रुपये जास्त सांगत असेल तर मुकाट्याने द्यावेत.