टिटवीची चार अंडी आणि यंदाचा पाऊस

पळसाचा बहर ओसरला की बीडजवळ पाली येथील बिंदुसरा धरणाचे पाणी मागे हटू लागते आणि काठाची खडकाळ जमीन उघडी पडते. अशा जागी सकाळी पक्षी पाहायला गेल्यास आपण पक्षी पाहण्याआधी टिटवीच आपल्याला पाहते आणि ओरडून सगळ्या माळाला सांगते. काळे डोके व छाती, पांढरे पोट, पिवळे लांब पाय आणि डोळ्यांपुढे लाल मांसल पाळी असलेला हा पक्षी आपल्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. त्याचे शास्त्रीय नाव व्हॅनेलस इंडिकस.

टिटवी साधारणपणे मार्चपासून अंडी घालू लागते. ती घरटे विणत नाही. जमिनीतल्या उथळ खळग्यात, खड्यांमध्ये अंडी घालते. अंडी मातकट रंगाची व काळपट ठिपक्यांची असल्याने चार पावलांवरूनही दिसत नाहीत. आपल्या भागात या अंड्यांवरून पावसाचे भाकीत करतात. चार अंडी असली तर चार महिने पाऊस. अंडी उंचवट्यावर असली तर पाऊस भरपूर, खोलगट जागी असली तर दुष्काळ. पेरणीची चिंता असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने हा थट्टेचा विषय नाही. म्हणूनच तो तपासून पाहायला हवा.

प्रथम अंड्यांची संख्या घेऊ. टिटवी बहुधा चारच अंडी घालते. अंड्यांचा आकार एका टोकाला निमुळता असतो. निमुळती टोके आत करून चार अंडी ठेवली की ती दाटीने बसतात आणि पक्ष्याच्या पोटाखाली झाकली जातात. इकडे आपला पावसाळाही जून ते सप्टेंबर असा चार महिन्यांचाच. तेव्हा हे भाकीत बहुतेक वर्षी खरे ठरणारच! २०१५ साली मराठवाड्यात पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्के कमी झाला; पण पावसाळ्याचे महिने चारच होते. किती पाऊस पडेल, हे ‘चार महिने’ या शब्दांतून कळत नाही.

आता जागा. टिटवीला चहूकडे नजर जाईल अशी उघडी जमीन आणि जवळपास पाणी लागते. उन्हाच्या तडाख्यात ती पोटाची पिसे भिजवून आणते आणि अंडी थंड ठेवते. एप्रिलमध्ये काठ किती उघडा पडला आहे, हे गेल्या वर्षीच्या पावसावर आणि पाण्याच्या वापरावर ठरते. म्हणजे अंड्यांची जागा येणाऱ्या पावसाऐवजी होऊन गेलेल्या पावसाबद्दल सांगत असण्याची शक्यता अधिक.

परंतु एवढ्या तर्काने समजूत खोटी ठरत नाही. त्यासाठी नोंदी हव्यात आणि त्या शाळेला सहज ठेवता येतील. गावाजवळची एकच जागा निवडा. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत दर आठवड्याला, सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात, त्याच वाटेने फिरा. तारीख, वेळ, अंड्यांची संख्या, पाण्यापासूनचे अंतर, जागा उंच की सखल हे लिहा. ऑक्टोबरमध्ये आपल्या महसूल मंडळातील पर्जन्यमापकाची नोंद मिळवून शेजारी मांडा. निदान दहा वर्षांच्या नोंदी हव्यात. विद्यार्थी दरवर्षी बदलतील, वही तीच राहील.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. अंडी एकदाच, एकाच शिक्षकाने, गारवा असतानाच मोजावीत; पुढचे निरीक्षण दुरून करावे. आपण जवळ रेंगाळलो तर टिटवी परतत नाही आणि उघडी अंडी उन्हाने मरतात. अंडी किंवा घरटे विस्कटणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हाही आहे. पिले बाहेर पडायला सुमारे चार आठवडे लागतात. तेवढे दिवस गुरे आणि मुले त्या वाटेने जाणार नाहीत, एवढे गावाला सांगता आले तरी पुष्कळ झाले.